खोलीबाहेरचा माणूस

यंदाच्या विज्ञान दिनाला भाचीच्या शाळेत गेले होते. पाहुणे वक्ते आले होते, विषय शास्त्रज्ञांचे किस्से, आणि गृहस्थ खरोखरच बोलके, मुलांना धरून ठेवणारे. अठराव्या शतकातल्या हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञापर्यंत येईतो सभागृह त्यांच्या मुठीत होतं. मोलकरणींशी बोलावं लागू नये म्हणून टेबलावर चिठ्ठी ठेवून जेवण सांगणारा हा सरदारपुत्र. एकदा जिन्यात एक बाई समोर आली म्हणून घराला दुसरा जिनाच बांधून घेणारा. चौघे जेवायला येणार म्हटल्यावर ‘मेंढीची एक तंगडी करा’ म्हणणारा, आणि पाच जणांना एक कशी पुरेल असं विचारलं तर ‘मग दोन करा’ म्हणणारा. मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली होती. शेवटी वक्त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आणि बरं का, याच गृहस्थाने पृथ्वीचं वजन केलं!’ टाळ्या. शाल, श्रीफळ, आभार, वंदे मातरम्.

वजन केलं कसं, ते राहूनच गेलं.

वक्त्यांना मी दोष देत नाही. हे किस्से आहेतच तसे. १८५१ साली जॉर्ज विल्सनने कॅव्हेंडिशचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्याला जाऊन चाळीसएक वर्षं झाली होती. ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्यांच्याकडून गोळा केलेल्या या आठवणी. विटका जांभळट कोट, उंच कॉलर, मनगटावर झालरी, डोक्यावर तीन कोपऱ्यांची हॅट. म्हणजे आजोबांच्या काळातली फॅशन नातवाने चालू ठेवावी तसा अवतार. रॉयल सोसायटी या लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींबरोबर दर गुरुवारी जेवायला न चुकता जायचा, आणि तिथे कोणी थेट त्याच्याकडे पाहून बोललं की बारीक किरटा आवाज काढून दुसऱ्या खोलीत सटकायचा. एका ऑस्ट्रियन पाहुण्याने तोंडावर स्तुती सुरू केली, तर हा खाली मान घालून उभा, आणि गर्दीत फट सापडताच थेट बाहेर उभ्या असलेल्या बग्गीत. वोलास्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ युक्ती सांगायचा: त्याच्याकडे बघायचंच नाही, शेजारच्या रिकाम्या हवेशी बोलायचं, मग कधीकधी उत्तर मिळतं. चित्रासाठी तो कधी बसला नाही. विल्यम अलेक्झांडर नावाच्या चित्रकाराला जेवणाच्या पंगतीत गुपचूप घुसवावं लागलं. त्याने खुंटीवरचे कोट-हॅट आधी रेखाटले, चेहरा चोरून टिपला आणि घरी जाऊन दोन्ही जोडले. कॅव्हेंडिश कसा दिसायचा हे सांगणारं चित्र म्हणजे ही चोरी.

पण किस्से ऐकताना हसू संपलं की मागे एक चमत्कारिक चव राहते. असा माणूस वेडा ठरवला की त्याच्या कामाकडे बघायची जबाबदारी आपोआप टळते. वेडा होता, हुशार होता, झालं. मला वाटतं, त्याचं वेड आणि त्याचं काम यांच्यामध्ये भिंत घालणंच चुकतं आहे.

क्लॅपहॅम हे तेव्हा लंडनच्या बाहेरचं गाव. तिथल्या त्याच्या घराच्या आवारात एक बंद खोली होती. १७९७ साली तो पासष्टीचा, तब्येत बरी, पैशाला तोटा नाही. त्या खोलीत त्याने एक सहा फुटी लाकडी दांडा बारीक तारेने मधोमध टांगला. दांड्याच्या दोन टोकांना दोन-दोन इंचांचे शिशाचे गोळे. आणि त्यांच्याजवळ आणायला दुसरे दोन शिशाचेच, पण बारा इंच व्यासाचे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. मोठे गोळे लहान गोळ्यांना ओढतात, दांडा किंचित वळतो, तार पिळते. तार किती ताठ आहे हे दांडा झुलायला किती वेळ घेतो त्यावरून कळतं. म्हणजे पीळ मोजला की ओढ कळली. ही ओढ केवढी? वाळूच्या एका बारक्या कणाच्या वजनाएवढी. दुसरीकडे, पृथ्वी त्याच लहान गोळ्याला किती ओढते ते साध्या तराजूवर कळतं, त्यालाच आपण वजन म्हणतो. गोळ्यांमधलं अंतर ठाऊक, पृथ्वीची त्रिज्या ठाऊक. उरलं ते गणित. इतकंच सांगायला वक्त्यांना पाच मिनिटं पुरली असती, आणि मुलं हसली नसती हे खरं, पण काही जणांनी तरी घरी जाऊन दोऱ्याला पट्टी टांगली असती.

लहानपणी आईबरोबर सराफाच्या दुकानात गेले की एक गोष्ट फार आवडायची. सोनं काट्यावर ठेवण्याआधी सराफ डोक्यावरचा पंखा बंद करायचा, काट्याच्या पेटीची काच खाली ओढायचा, आणि दुकानातली सगळी मोठी माणसं उगाचच श्वास धरून उभी राहायची. कॅव्हेंडिशने हीच काळजी शेवटपर्यंत ओढत नेली. वारा नको म्हणून दांडा महोगनीच्या पेटीत. पण पेटी ठेवलेल्या खोलीत माणूस शिरला की त्याच्या अंगाच्या उबेनेसुद्धा हवा हलणार. मग खोलीच बंद. मोठे गोळे बाहेरून दोरीने फिरवायचे, आत उजेड सोडायचा तोही बाहेरच्या दिव्याने, आणि भिंतीत बसवलेल्या दुर्बिणींतून हस्तिदंती पट्टीवरच्या बारीक खुणा वाचायच्या. पृथ्वीचं वजन करायला निघालेला माणूस दाराबाहेर, आणि आत फक्त शिसं, लाकूड, तार आणि ती ओढ.

प्रयोगाचा अहवाल १७९८ चा. तो वाचताना मला सर्वांत गंमत वाटते ती त्याच्या संशयांची. दांडा भलतीकडे जरा जास्त सरकला की तो दर वेळी विचारतो, हे कशामुळे? चुंबकत्व? मग मुद्दाम चुंबक लावून पाहतो. तारेचा ताठपणा बदलतो आहे का? तेही तपासतो. उष्णता? मग मोठे गोळे मुद्दाम गरम करतो आणि हवेचा प्रवाह दांड्याला किती ढकलतो ते बघतो. आणि शेवटी महोगनीच्या पेटीच्या फळ्यासुद्धा लहान गोळ्यांना स्वतःकडे ओढत असणार, म्हणून त्या फळ्यांच्या गुरुत्वाकर्षणाचा हिशेब मांडतो! आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलला लंबक कसाही डुलो, सगळ्या बॅचचा गुरुत्व त्वरण ९.८ च यायचा. फळ्यांची ओढ मोजणारा माणूस आमच्या प्रयोगशाळेत जर्नल पूर्ण करू शकला नसता.

त्याला उत्तर मिळालं: पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१ आहे. घनतेला पृथ्वीच्या आकारमानाने गुणलं की झालं वजन. यातली खोच अशी की इतक्या संशयी माणसाच्या हातून शेवटच्या सरासरीत बेरजेची चूक राहिली. त्याच्याच मोजमापांवरून यायला हवा होता ५.४४८. ही चूक पुढे फ्रान्सिस बेली नावाच्या माणसाने शोधून काढली. शाळेच्या पुस्तकात कॅव्हेंडिशने गुरुत्व स्थिरांक, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातला ठरलेला आकडा, मोजला असं एका ओळीत असतं. त्याने तो स्थिरांक कधी लिहिलाच नाही, त्याला पृथ्वी किती भरीव आहे एवढंच हवं होतं. शिवाय यंत्राची कल्पना त्याची नव्हतीच. ती जॉन मिशेल नावाच्या पाद्र्याची. प्रयोग करण्याआधीच मिशेल १७९३ ला वारला आणि यंत्र फिरत फिरत कॅव्हेंडिशकडे आलं. हा मिशेलही अवलियाच. एखादा तारा इतका भारी असेल की त्याचा प्रकाशही निसटू शकणार नाही, ही कल्पना त्याने १७८३ साली एका पत्रात मांडली. पत्र कोणाला? कॅव्हेंडिशला. ज्याच्याशी कोणी दोन वाक्यं बोलू शकत नव्हतं, त्याला पत्र मात्र लिहिता येत होतं.

जिना आणि खोली. मला हे दोन वेगळे दिसत नाहीत. जिन्यात समोर कोणी येऊ नये म्हणून जिना बदलणारा माणूस आणि आपल्या अंगाच्या उबेने मोजमाप बिघडू नये म्हणून खोलीबाहेर उभा राहणारा माणूस, दोघांची सवय एकच. आपण असण्याने जे ढवळतं, ते त्याला सहन होत नव्हतं.

तरीही एक बाई म्हणून ती जिन्याची गोष्ट मला पूर्ण हसू देत नाही. मोलकरीण नजरेस पडली तर तिची नोकरी जायची, असं सांगतात. त्याच्या शांततेची किंमत कोणीतरी हातात बोचकं घेऊन मोजत होतं. तिचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. क्लॅपहॅममध्ये संध्याकाळी फिरायला जाताना दोन बायकांनी त्याला कुंपण ओलांडताना पाहिलं, तर त्याने रस्ताच बदलला आणि पुढे अंधार पडल्यावर फिरू लागला, अशीही आठवण आहे. आणि त्याच माणसाने एकदा पिसाळलेल्या गाईपासून एका बाईला वाचवलं, अशीही. विल्सन शेवटी लिहितो की हा माणूस ना प्रेम करायचा, ना द्वेष, ना आशा धरायचा, ना भ्यायचा. आपल्या काळात ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्टने त्याला ऑटिझमच्या चौकटीत बसवून पाहिलं. ते बरोबर असूही शकेल. मला स्वतःला दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या केसपेपरपेक्षा विल्सनचं वाक्य जास्त खटकतं. ज्याला लोकांची इतकी भीती वाटत होती, तो भीत नव्हता हे कोणी ठरवलं?

पैशाचंही तेच. डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्यातला हा. आई तो दोन वर्षांचा होण्याआधीच गेली, वडील लॉर्ड चार्ल्स स्वतः प्रयोग करणारे, आणि केंब्रिजला तीनेक वर्षं राहून पदवी न घेता बाहेर. पुढे वारसाहक्काने इतकं मिळालं की फ्रेंच शास्त्रज्ञ बियो त्याला शहाण्यांत सर्वांत श्रीमंत आणि श्रीमंतांत सर्वांत शहाणा म्हणाला. खात्यात ८०,००० पौंड नुसते पडून आहेत म्हणून बँकवाला घरी सांगायला आला, तर हा त्याच्यावरच वैतागला: त्रास होत असेल तर पैसे काढून घेतो, पण मला सतावू नका. मृत्युपत्रात बहुतेक सगळं एका नातलगाला, ज्याला तो वर्षातून एकदा अर्धा तास भेटायचा. विज्ञानाला काही नाही. केंब्रिजची प्रसिद्ध कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्याने काढली असं अनेकांना वाटतं. ती १८७४ ला उभी राहिली ती त्याच घराण्यातल्या सातव्या ड्यूकच्या पैशातून. इलेक्ट्रॉन तिथे सापडला, आपले होमी भाभा विसाव्या शतकाच्या तिशीत तिथेच वावरले, पण हेन्रीचा त्यात छदामही नाही.

त्याच्या कामाची यादी बघताना एका जागी मी चकित झाले. हायड्रोजन, १७६६. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंपासून होतं, १७८४. आणि मध्येच १७९२: हिंदूंचं व्यावहारिक वर्ष आणि त्याचे विभाग यांवर निबंध, सोबत चार्ल्स विल्किन्सच्या संग्रहातल्या तीन पंचांगांची माहिती. विल्किन्स म्हणजे १७८५ साली गीता इंग्रजीत नेणारा. म्हणजे हा माणूस क्लॅपहॅमला बसून आपली पंचांगं चाळत होता! माझी आजी सकाळी दाते पंचांग उघडून ‘आज तिथी किती वाजेपर्यंत आहे’ ते बघायची, आणि तिथी दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी कशी संपते हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी; चंद्राचा वेग सारखा नाही, म्हणून तिथी कधी एकोणीस-वीस तासांची, कधी सव्वीसची, म्हणूनच क्षय आणि वृद्धी. उरलेल्या तुकड्यांचा हिशेब न सोडणारी ही रचना त्याच्या स्वभावाला आवडली नसती तरच नवल. तो भारतात कधी आला नाही, त्याला संस्कृतशी देणंघेणं नव्हतं. आकडे जुळतात कसे, एवढ्यासाठी तो आपल्या आजीच्या पुस्तकापर्यंत पोचला.

उरलेला तुकडा म्हटलं की त्याचा बुडबुडा आठवतो. १७८५ चा प्रयोग. वाकवलेल्या काचेच्या नळीत हवा कोंडून, दोन्ही तोंडं पाऱ्यात बुडवून, तो तिच्यात विजेच्या ठिणग्या पाडत बसला. ठिणगीने नायट्रोजन आणि ऑक्सिजन एक होतात, होणारा वायू आतल्या क्षाराच्या द्रावणात शोषला जातो, नळीतली हवा कमी कमी होत जाते. पुन्हा ऑक्सिजन सोडायचा, पुन्हा ठिणग्या. हाताने फिरवायच्या यंत्रावर, दिवसचे दिवस. शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून टाकला. एक बारका बुडबुडा राहिला, काही केल्या जाईना. त्याने तो मोजला: मूळ नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही. लिहून ठेवलं आणि पुढच्या कामाला लागला. एक टक्का हवा. चूक म्हणून कोणीही सोडून दिली असती. शंभरहून जास्त वर्षांनी, १८९४ मध्ये, रॅले आणि रॅमसे या ब्रिटिश शास्त्रज्ञांना हवेतल्या नायट्रोजनचं वजन जुळेना, तेव्हा हा जुना निबंध त्यांच्या समोर आला. तो बुडबुडा आर्गॉनचा होता. आपल्या घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बांमध्ये तोच वायू असायचा, वेल्डिंगच्या दुकानात तो आजही असतो. दोघांना १९०४ ला नोबेल मिळालं.

बुडबुडा निदान त्याने छापला. माझं खरं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे.

विजेवर त्याने जे केलं त्यातलं बरंचसं त्याने छापलंच नाही. गोळ्यामध्ये गोळा ठेवून, बाहेरच्याला वीज देऊन आतल्यावर काहीच येत नाही हे पाहिलं, आणि त्यावरून विजेची ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, घातांक २ पासून हलला तर एक-पन्नासांशाहून जास्त नाही, इथपर्यंत तो १७७३ च्या सुमाराला पोचला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ कुलोम्ब त्यानंतर बाराएक वर्षांनी आला आणि नियमाला नाव कुलोम्बचं लागलं. कुठल्या पदार्थातून वीज किती सहज जाते ते मोजायला त्या काळी मीटर नव्हता, म्हणून त्याने स्वतःलाच मीटर केलं. एका मार्गाने आलेला झटका आणि दुसऱ्या मार्गाने आलेला झटका हातात सारखाच लागेपर्यंत नळीतल्या मिठाच्या पाण्याची लांबी बदलत राहायची. लोखंडाची तार पावसाच्या पाण्याच्या चाळीस कोटी पट चांगली वीज वाहून नेते, हा त्याचा आकडा (हा एक त्याने छापलाही होता) त्याच हातांनी काढलेला. माणसाचा स्पर्श टाळणारा हा गृहस्थ विजेला मात्र आपल्या मनगटातून, कोपरातून जाऊ देत होता, आणि झटका कुठपर्यंत पोचला ते टिपून ठेवत होता. पृथ्वीच्या वेळी तो खोलीबाहेर गेला, इथे तो स्वतःच तारेच्या मधोमध उभा राहिला. आणि मग सगळे कागद गठ्ठ्यात बांधून ठेवले.

१८१० च्या फेब्रुवारीत तो गेला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. शेवटच्या दिवशी त्याने नोकरालाही खोलीबाहेर पाठवलं, असं सांगतात. ते त्याचं मरण होतं, त्याच्या मर्जीने झालं, माझं काही म्हणणं नाही. पण ते गठ्ठे? ते त्याचे एकट्याचे होते का? काही जण म्हणतील, त्याला नावाची हाव नव्हती, किती थोर. मला हे थोरपण पटत नाही. कळलेली गोष्ट सांगायची ती नावासाठी नसते. पुढच्या माणसाला पुन्हा तेवढीच ठेच लागू नये म्हणून असते. आणि त्याला खाण्यापिण्याची, नोकरीची, कशाचीही भ्रांत नव्हती. लाजाळूपणाला मी पुष्कळ सूट देते, माझ्या घरातही तशी माणसं आहेत, पण निबंध छापायला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

हे गठ्ठे अखेर जेम्स क्लार्क मॅक्सवेलकडे आले. तो कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा पहिला प्राध्यापक. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर हे सांगून झालेला, आणि अजून चाळिशीत. आयुष्याची शेवटची पाच वर्षं त्याने या कागदांवर घातली. ती हस्ताक्षरं लावणं, आकडे तपासणं, प्रयोग नव्या उपकरणांनी पुन्हा करणं. पुस्तक १८७९ च्या ऑक्टोबरात निघालं आणि नोव्हेंबरात मॅक्सवेल वारला, अठ्ठेचाळीस वर्षांचा. ती पाच वर्षं त्याने स्वतःच्या कामाला दिली असती तर काय झालं असतं, हा विचार मनात आला की माझा कॅव्हेंडिशवरचा राग वाढतो. पण मॅक्सवेल वैतागलेला दिसत नाही. उलट झटक्यांवरून मोजमाप खरंच होतं का ते बघायला त्याने प्रयोगशाळेत आलेल्या माणसांना बाह्या वर करून हात पुढे करायला लावले. प्रत्येकाने झटके खाल्ले. आकडे बरोबर निघाले.